पायथ्याची जागा

दुधाचा पेला घेऊन तो आत गेला आणि पाय बघून दारातच थांबला. पाय त्याच्या बायकोचा होता. पांढऱ्या टॉवेलवर ठेवलेला, टाच जराशी भेगाळलेली, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, आणि करंगळी आत दुमडलेली, बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखी. बायकोला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. पेला कलला, गरम दूध मनगटावर सांडलं, तेव्हा कुठे त्याला पायाच्या वरची माणसं दिसली. पलंगावर उशांना टेकून लेक पडली होती, डोळे मिटून. तिच्या पायथ्याशी घडीच्या बुटक्या स्टुलावर पायवाली बाई बसली होती आणि तिचा अंगठा तळव्याच्या मधोमध रुतला होता. "बाबा, आत या नाहीतर बाहेर जा," लेक डोळे न उघडताच म्हणाली, "दारात उभे राहू नका, वारा येतो." वारा कसला, खिडक्या सगळ्या बंद होत्या. तो आत गेला, पेला टेबलावर आपटून बाहेर आला, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभा राहिला. मनगट भाजलं होतं, पण राग त्याचा नव्हता. राग कशाचा होता हे त्याला विचारलं असतं तर त्यानं बाईकडे बोट दाखवलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

ही बाई जावयानं फोनवर शोधून काढली होती. सिझेरियन झालेल्या बायकांचे पाय दाबून देते म्हणे, खास त्याच कामाची. "बाबा, ह्यावर अभ्यास झालाय," जावई म्हणाला होता. जावयाच्या फोनमध्ये प्रत्येक गोष्टीवर अभ्यास झालेला असायचा, बाळाच्या उचकीवरसुद्धा. पोटाला टाके, पोटाला हात लावता येत नाही, कूस बदलता येत नाही, खोकला आला तरी उशी पोटाशी धरून खोकायचं. मग राहिलं काय, तर पाय. ते जखमेपासून सगळ्यात लांब, म्हणून तिथून काम करायचं. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, करा, हरकत काही नाही. बाईनं पहिल्याच दिवशी तळपायाचा एक नकाशा काढून दाखवला होता, रंगीत. बोटांच्या टोकांना डोकं, चवड्यावर फुप्फुसं, मधोमध मूत्रपिंडं, घोट्याखाली आतल्या अंगाला गर्भाशय. अख्खा माणूस सोलून तळव्यावर वाळत घातल्यासारखा. तेव्हाच त्याच्या कपाळाची शीर उडाली होती, पण परक्याच्या घरात आपण काय बोलायचं, म्हणून गप्प बसला. परक्याचं म्हणजे लेकीचंच. तिची आई असती तर ती आली असती बाळंतपणाला. ती नाही म्हणून हा आला, कपड्यांची बॅग आणि स्क्रू-ड्रायव्हरचा डबा घेऊन, आणि आल्यापासून घरातल्या साऱ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं होतं.

उभा जन्म त्यानं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. कामावर त्याला खटका म्हणत. काहींना वाटे, बटणांच्या कामामुळे, आणि ज्यांनी त्याच्याबरोबर काम केलं होतं त्यांना कारण वेगळं माहीत होतं. इथं दाबलं की तिथं हलतं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण मध्ये वायर असते. दिसत नसली तरी असते, भिंतीतून जाते, आणि ती तुटली की तुम्ही बटण दाबा, त्याला नमस्कार करा, पेटी जागची हलत नाही. लोकांना हे कळत नाही. लोक पेटलेलंच बटण पुन्हा पुन्हा दाबतात. त्यानं आयुष्यभर असले लोक पाहिले होते, सुटाबुटातले, पिशव्या घेतलेले, घाईतले, आणि त्यांना बघून दात खाल्ले होते. आता ह्या वयात एक बाई त्याच्या लेकीला बटणं समजून दाबत होती आणि वायर दाखवत नव्हती.

बाई पाय पुसून, स्टूल घडी करून बाहेर आली तेव्हा तो दाराशीच होता. "एक विचारू का?" तो म्हणाला. "विचारा की बाबा." "मी तुमचा बाबा नाही." "बरं, काका." "तळव्याला दाबलेलं मूत्रपिंडाला कसं कळतं? मधली वायर कुठे आहे?" बाई चप्पल शोधत होती. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं, चिडली असती तर बरं झालं असतं. "वायर मीही नाही बघितली कधी," ती म्हणाली. "मी येते, पोरगी झोपते. एवढंच मला माहीत." "दमते म्हणून झोपते. माझे कोणी दाबले तर मीही झोपेन." "मग घ्या दाबून. तुमचं चालणं रोज ऐकते मी आतून. टाचा आपटत चालता. वर राग, खाली टाचा." "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. बाईनं एक चप्पल घातली होती, दुसरी हातात होती. "लेकीला विचारलंत?" "मी बाप आहे तिचा." "ते दिसतंच आहे," बाई म्हणाली, दुसरी चप्पल घातली आणि जिन्यानं गेली. लिफ्ट समोर उभी होती, तरी जिन्यानं गेली. त्याचाही त्याला राग आला.

दुपारभर तो बाल्कनीत बसला. आत बाळ रडलं, गप्प झालं. पाय डोळ्यांपुढून हलत नव्हता. इस्पितळातली चादर आखूड होती. तिथल्या सगळ्याच चादरी आखूड, जणू आजारी माणूस लांबीला कमी होतो. वर ओढली की बायकोचे पाय उघडे पडायचे आणि खाली ओढली की खांदे. शेवटच्या दिवसांत त्यानं दुसरं काही केलंच नाही, तो चादर ओढत बसला. पाय गार पडतात म्हणून खाली, ती हुडहुडते म्हणून वर. दुसरी चादर मागितली तर परिचारिका म्हणाली, धुलाईला गेल्यात, येतील. "अहो, किती ओढाओढ करता," बायको म्हणाली होती, डोळे मिटून, अगदी घरच्या आवाजात, "पायांना काय होतंय? ते कुठे जाणार आहेत आता?" ह्यावर त्याला उत्तर सुचलं नाही. तिच्याशी वादात त्याला उत्तर असं कधी वेळेवर सुचलंच नव्हतं, रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचायचं आणि तोवर ती घोरत असायची. ह्या वाक्यालाही पुढं केव्हातरी उत्तर सुचेल म्हणून तो थांबला होता, पण ते सुचत नव्हतं आणि ऐकायलाही कोणी नव्हतं. ती गेली तेव्हा पाय उघडेच होते. नंतर एकाएकी कुठूनतरी लांबरुंद चादर आली, डोक्यापासून पायापर्यंत पुरणारी. ती आणणाऱ्या पोऱ्याला तो काय काय बोलला हे त्याला आठवत नाही. जावयानं धरून बाहेर नेलं एवढं आठवतं. रडला मात्र नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर कसला. डोकं फिरलेल्या माणसाला रडायला सवड कुठे असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं आपणच पाय टॉवेलवर काढून ठेवले आणि वाट बघत पडली. त्यानं दूध आणलं, पेला ठेवला, पायांकडे न बघता खिडकीचा पडदा सारखा केला. "मावशी नाही आल्या अजून?" "येणार नाहीत. मी नको म्हणून सांगितलं." ती बोलेल म्हणून तो तयारीत उभा होता. भांडण झालं असतं तर त्याच्याकडे मुद्दे होते. "बरं," ती म्हणाली आणि गोगलगाय शिंगं ओढून घेते तसे तिनं पाय चादरीत ओढून घेतले. भिंतीकडे वळता येत नव्हतं, टाके ओढायचे, म्हणून नुसतं तोंड फिरवलं. हे 'बरं' त्याच्या ओळखीचं होतं. बायकोच्या 'बरं'चे अर्थ लावण्यात त्याचा संसार गेला होता आणि त्यातला एकही अर्थ बरा निघाला नव्हता. "अगं ठकू, त्यात काही तथ्य नसतं," तो म्हणाला. "पायाचा आणि पोटाचा काय संबंध?"  त्या दिवशी ती जेवली नाही, नुसतं चिवडलं.

बाळ खिडकीजवळच्या पाळण्यात असे. भूक लागली की जावई नाहीतर तो उचलून तिच्या कुशीत आणून ठेवी, ती पडल्या पडल्या पाजी, पाजून झालं की म्हणे, "घ्या." घ्या म्हणजे न्या. एकदाही तिनं आपण होऊन बाळ उचललं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी फिरायला सांगितलं होतं. ती भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाई आणि परत येऊन पडे. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बोलायचं ते सगळे 'आराम' म्हणून बोलत. आराम कर. जो येई तो आराम कर म्हणे आणि दोन दोन तास बसून राही. शेजारीण म्हणाली, आराम हवा हो, आणि आपल्या तिन्ही बाळंतपणांच्या गोष्टी सांगून उठली. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. जावयानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "मी काय म्हणते," विहीणबाई म्हणाल्या, "उद्या दुपारी येते आणि बाळाला महिनाभर माझ्याकडे आणते. तिला आराम पडेल. वरच्या दुधावर माझी दोन्ही वाढली, काही वाकडं झालं नाही. भाऊ, तुमचं काय मत?" भाऊ म्हणजे तो. विहीणबाई वाईट नव्हत्या, हीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. "ठकूला विचारा," तो म्हणाला. जावयानं आत जाऊन विचारलं. आतून आवाज आला, "बरं." "तात्पुरतंच आहे, बाबा," जावई म्हणाला. बिचाऱ्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तात्पुरतं?" तो म्हणाला. "जावईबापू, 'लिफ्ट तात्पुरती बंद आहे' अशा पाट्या मी पाहिल्यात. पाटी गंजून गळून पडते, लिफ्ट बंदच असते." जावयानं हातातल्या फोनकडे बघितलं. तो अभ्यास त्याच्या फोनमध्ये नव्हता.

पण ही गोष्ट तो पाट्यांवरून बोलला नव्हता. बायको गेल्यावर त्यानं तिकडे आपल्या घरी अंथरूण तात्पुरतं बाहेरच्या खोलीत आणलं होतं. आतल्या खोलीचं दार त्यानंतर उघडलं नाही. कुलूप नाही, कडी नाही, नुसतं लोटलेलं दार. ढकललं की उघडेल. आधी उद्या म्हणून राहिलं, मग दारासमोर खुर्ची आली, खुर्चीवर धुतलेले कपडे आले, आणि आता त्या भिंतीला दार आहे हेच डोळा विसरत चालला होता. बाळ गेलं की पाळण्याची तशीच खुर्ची होणार. ठकू तिकडून तोंड फिरवील ते फिरवीलच. महिन्यानं बाळ आणून ठेवलं तरी ती 'बरं' म्हणेल. हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की तो अंथरुणातून उठून बसला, आणि कोणावर ओरडावं हे न कळून परत आडवा झाला.

सकाळी त्यानं जावयाच्या फोनवरून बाईला फोन लावला. माफी वगैरे मागायचा त्याचा विचार नव्हता. "आज या," तो म्हणाला. "आज कशी येऊ? मी दुसरं घर धरलं. सोमवारनंतर बघते." "सोमवारी उपयोग नाही. आज दुपारी बाळाला नेतायत."  "मग तुम्ही दाबा," बाई म्हणाली. "मी?" "अंगठे आहेत ना?" "बापानं लेकीचे पाय दाबायचे?" "नका दाबू मग. वायर शोधा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जेवणं झाल्यावर जावई आईला आणायला स्टेशनवर गेला. घरात तो, ठकू आणि झोपलेलं बाळ. बाळाचे कपडे एका पिशवीत भरून पलंगाजवळ ठेवले होते, त्यावर दुधाची बाटली. तो हात धुऊन आत गेला. स्टूल तर बाई घेऊन गेली होती, म्हणून पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवरच मांडी घालून बसला. पलंग बुटका होता. त्यानं चादर वर सारली. "काय करताय बाबा?" ठकू दचकली. "पायांना हात नका लावू." "का? ग्रीस नाहीये हाताला." "तसं नाही हो. बापानं लेकीच्या पायांना..." "लहानपणी तुझ्या पायातला काटा कोणी काढला होता?" "आईनं." "बुटांचे बंद बांधायला कोणी शिकवलं?" "आईनं." "मग मी काय करत होतो?" "तुम्ही लिफ्ट दुरुस्त करत होता," ठकू म्हणाली, आणि तिनं पाय ओढून मात्र घेतला नाही. पाय गार होता. तो हातात धरून त्याला पुढचं काही सुचेना. जोर लावला तर ते इस्पितळातलं सगळं परत वर येईल असं वाटलं, म्हणून त्यानं अंगठा नुसता तळव्यावरून फिरवला, काचेवरची धूळ पुसावी तसा. असाच बराच वेळ गेला. "दाबताय की कुरवाळताय?" ठकू म्हणाली. "मला काही कळतच नाहीये." मग छताकडे बघत म्हणाली, "तसंही मला कळत नाहीच म्हणा."

"म्हणजे?" त्यानं विचारलं. ती सांगायला लागली आणि सांगता सांगता चिडत गेली, जणू त्यानं तिच्याकडून ते काढून घेतलं होतं. पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरीणबाई आणि भूलवाले आपसात कोणाच्या तरी नव्या घराच्या फरशीबद्दल बोलत होते. मध्येच एका बाईनं कोणाचा तरी पाय उचलून बाजूला ठेवला आणि ठकूच्या मनात आलं, कोणाचा बरं हा पाय, आणि मग लक्षात आलं की आपलाच. दुसऱ्या दिवशी उभं केलं तेव्हा गुडघे कागदासारखे दुमडले. दोघींनी धरलं म्हणून वाचली. "तेव्हापासून माझा ह्यांच्यावर भरवसा नाही. भिंत धरते तोवर ठीक. बाळ घेतलं की भिंत कशानं धरू? मला बाळ नकोसं झालंय असं वाटतंय ना तुम्हा सगळ्यांना? वाटू दे. हातातून पडलं तर काय करायचं होतं?" "हे सांगितलं का नाहीस कोणाला?" "मावशींना सांगितलं होतं की! त्या रोज बोट धरायच्या आणि विचारायच्या, कोणतं? मी डोळे मिटून ओळखायचं. सगळी बोटं बरोबर आली की उभं राहून बाळ घ्यायचं, त्या धरणार होत्या मागून. कालच घेणार होते मी." तिनं मान उचलून त्याच्याकडे बघितलं. "आणि परवा तुम्ही दारात वायर विचारत बसलात. वायरीपर्यंतचं ऐकलं मी, मग डोळा लागला."

त्याचं टाळकं सटकलं. स्वतःवर, बाईवर, फरशीबद्दल बोलणाऱ्या भूलवाल्यावर, आखूड चादरीवर, ह्या घरातल्या शहाण्या माणसांवर, आणि सगळ्यात जास्त त्या मरून गेलेल्या बायकोवर, जिला ह्या पोरीनं पहिल्या दिवशीच हे सांगितलं असतं आणि जी नेमकी आता नव्हती. गंजलेला नट सोडवताना लागायचा तसा अंगठा त्यानं टाचेत घातला. "आई गं!" ठकू किंचाळली. "कोणता पाय?" तो ओरडला. "सोडा!" "कोणता ते सांग आधी!" "डावा! टाच फोडलीत माझी, सोडा!" तिनं पाय हिसडला, तो त्याच्या हनुवटीवर बसला, दातांवर दात आपटले. "हात आहेत की पकड?" ती म्हणाली. "अशानं बाईमाणूस मरेल!" "मेलेलं माणूस एवढी लाथ मारत नाही," तो हनुवटी धरून म्हणाला. ह्या गोंधळात बाळ उठलं.

आधी कुरकुरलं, मग त्यानं सूर लावला. "उठा, द्या त्याला," ठकू म्हणाली. तो उठायला गेला आणि उठलाच नाही. त्यानं पलंगाची कड धरली, जोर केला, पुन्हा बसला. "बाबा!" "मला उठता येत नाहीये." "चेष्टा नका करू." "चेष्टा कसली! पाय झोपलेत माझे, मांडी घालून. कमरेखाली कोणी नाही!" पाळण्यात बाळाचा श्वास अडकला, एक क्षण शांतता, आणि मग असली किंकाळी की खिडकीची काच वाजली. ठकूनं त्याच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. घरात तिसरं कोणी नव्हतं. "काय माणसं आहेत एकेक," ती पुटपुटली, "वेळेला एकाचा उपयोग नाही." उशी पोटाशी धरून ती कुशीवर झाली, हातावर रेटून बसली, पाय खाली सोडले. तो जमिनीवर होता, त्याच्या डोळ्यांसमोर फरशी आणि फरशीवर ते दोन पाय. बोटं पसरली, फरशीला चिकटली, नखं पांढरी पडली. गुडघे थरथरले. "सावकाश," तो म्हणाला. "तुम्ही बोलू नका!" पाय पुढे झाला, दुसरा त्याच्या मागून आला. भिंत लांब होती. उशी मागे राहिली. मग पाळणा करकरला, एवढ्या एका बिजागरीला तेल द्यायचं राहिलं होतं, आणि रडणं एकदम जवळून, वरून, तिच्या खांद्यापासून यायला लागलं आणि हळूहळू उतरलं.

तेवढ्यात बेल वाजली. "दार उघडा," ठकू सवयीनं म्हणाली. "कोणी उघडायचं? मी असा पडलोय." ती काहीतरी बोलली, बापाला ऐकवू नये असं. आणि गेली. दोन्ही हातांत बाळ, पाय फरशीवर एकामागून एक, सावकाश, घासत. दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ विहीणबाईंचा. "अगं बाई, तू कशाला उठलीस? आणि भाऊ कुठे गेले?" "ते बसलेत आत," ठकूचा आवाज आला. "आई, तुम्ही आधी हात धुवा आणि मग ह्याला बघा. इथंच बसून बघा. नेण्याबिण्याचं काढू नका आता. आणि हो, आत एक पिशवी भरलीये त्याची, ती तेवढी रिकामी करा, लंगोट एक सापडत नाहीये."

जावई धावत आत आला. सासरा पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर, दोन्ही हातांनी मांड्या धरून, तोंड वाकडं करून बसलेला. पायांत रक्त उतरायला लागलं होतं, हजार सुया एकदम. "बाबा! काय झालं? पडलात का?" "पडलो नाही. मुंग्या आल्यात. हात लावू नका." जावई तरीही वाकला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "बाबा, तुम्ही रडताय."

"सांगितलं ना एकदा," तो ओरडला, "मुंग्या आल्यात!"